जाळ्याचे सूर

मी गणितावर बोलणार असे कळल्यावर आमच्या संघटनेतल्या एका साथीने मला विचारले, "म्हणजे बोनसचा हिशेब काय?" बोनसचा हिशेब मला येतो, पण आजचा विषय तो नव्हे. शाळेतले माझे शिक्षण दहावीवर थांबले. पुढे जे झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात, आणि गणितापुरते बोलायचे तर एका निवृत्त प्राध्यापकांच्या ओसरीवर. तेव्हा जाणकारांना माझ्या मांडणीत थोडा ओबडधोबडपणा दिसेल, तो त्यांनी चालवून घ्यावा. हा विषय मला भेटला तो पुस्तकात नव्हे, माझ्या हातून झालेल्या एका चुकीत. म्हणून आधी ती चूक सांगतो.

हिंगणा रस्त्यावरच्या एका कारखान्यात आमची संघटना होती. कारखान्याची दोन खाती होती, ओतकामाचे आणि यंत्रांचे, आणि मधे एक लांबच लांब आवार. त्या वर्षी आमचे सभासद वाढले होते, वर्गणी चोख जमली होती. वार्षिक सभेत मी अहवाल वाचला तेव्हा टाळ्याही पडल्या. पुढे आठ महिन्यांत बोनसच्या करारावर मतभेद झाला आणि संघटना दुभंगली. दुभंगली ती कोणत्या रेषेवर, हे पाहण्यासारखे होते. कायम आणि कंत्राटी, म्हातारे आणि तरुण, जात आणि पात, या ज्या रेषांची मला रात्रंदिवस धास्ती असे, त्यांपैकी एकीवरही नव्हे. ती दुभंगली त्या आवारावर. अलीकडचे सगळे इकडे, पलीकडचे सगळे तिकडे.

मागाहून लक्षात आले, की दोन्ही खात्यांत ऊठबस असलेला एकच माणूस होता. ओतकामात उमेदवारी करून तो पुढे यंत्रखात्यात आला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत अजूनही आवार ओलांडून जुन्या सोबत्यांत बसायला जात असे. तो त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाला. आम्ही त्याला शाल दिली, नारळ दिला, दोन भाषणे केली. त्याच्याबरोबर कारखान्यातून काय गेले, ते कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या तर नाहीच. मी सभासद मोजत होतो, माणसांमधले दुवे मोजत नव्हतो.

हे मी प्राध्यापकमहाशयांना मोठ्या पश्चात्तापाने सांगितले. ते म्हणाले, "अहो, दुवे मोजूनही तुम्हांला कळले नसते." आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

कोणत्याही संबंधांचे चित्र ठिपके आणि रेघा यांनी काढता येते. ठिपके म्हणजे माणसे आणि रेघा म्हणजे त्यांच्या ओळखी. किंवा ठिपके म्हणजे स्थानके आणि रेघा म्हणजे रूळ. किंवा ठिपके म्हणजे रेणूतले अणू आणि रेघा म्हणजे त्यांचे बंध. गणिती लोक अशा चित्राला आलेख म्हणतात. शाळेत चौकटीच्या कागदावर काढतो तो हा आलेख नव्हे, म्हणून घोटाळा टाळण्यासाठी मी त्याला सरळ जाळे म्हणतो. ठिपक्यांना गाठी आणि रेघांना दुवे.

आता क्षणभर तबल्याकडे वळू. तबल्याचे चामडे वाटेल तसे थरथरत नाही. त्याच्या थरथरण्याच्या काही ठरावीक रीती आहेत आणि प्रत्येक रीतीचा एक सूर आहे. साध्या ताणलेल्या चामड्याचे हे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याला मधोमध शाई चढवली म्हणजे ते पुष्कळसे जुळून येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली आपल्या मृदंग-तबल्याच्या या गुणाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की चामड्याचा आकार, ताण आणि भार यांवर सूर ठरतात. म्हणून सूर ऐकून चामड्याविषयी काही सांगता येते. जाळ्यालाही असेच सूर असतात. ते कानांनी ऐकू येत नाहीत, बेरजेने ऐकावे लागतात.

ती बेरीज अशी. प्रत्येक गाठीवर एक आकडा मांडा. मग प्रत्येक गाठीने स्वतःचा आकडा टाकून द्यावा आणि आपल्या शेजाऱ्यांच्या आकड्यांची बेरीज घ्यावी. बहुधा मूळचे चित्र पार विसकटून जाते. पण काही मांडण्या अशा सापडतात, की बेरजेनंतर चित्र तेच राहते. फक्त सगळे आकडे एकाच पटीने वाढतात, घटतात किंवा उलट्या चिन्हाचे होतात. ती पट म्हणजे जाळ्याचा एक सूर. गणितात तिला आयगेन-मूल्य म्हणतात. 'आयगेन' हा जर्मन शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'स्वतःचा'. जितक्या गाठी तितके सूर, मात्र एखादा सूर अनेकदा येऊ शकतो. या सगळ्या सुरांच्या यादीला वर्णपट म्हणतात, आणि त्यावरून जाळ्याची पारख करणाऱ्या शास्त्राला वर्णपटीय आलेख सिद्धांत. नाव जड आहे; काम बेरजेचे आहे.

सहा माणसे गोल बसली आहेत आणि प्रत्येकाचे हात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या हातांत आहेत असे समजा. सर्वांना १ हा आकडा दिला तर प्रत्येकाला बेरजेत २ मिळतात. म्हणून २ हा एक सूर. आळीपाळीने १ आणि उणे १ दिले तर १ वाल्याला उणे २ मिळतात आणि उणे १ वाल्याला २. म्हणून उणे २ हा दुसरा. आता क्रमाने २, १, उणे १, उणे २, उणे १, १ असे आकडे मांडून पाहा. दोनाच्या शेजाऱ्यांची बेरीज १ अधिक १, म्हणजे २. एकाच्या शेजाऱ्यांची २ वजा १, म्हणजे १. चित्र जसेच्या तसे राहते; सूर १. हाच सूर आणखी एका मांडणीने मिळतो, आणि तसाच उणे १ दोनदा. म्हणजे सहा जणांच्या वर्तुळाचे सूर २, १, १, उणे १, उणे १, उणे २. त्यांची बेरीज शून्य येते. ती नेहमी शून्यच येते, कारण कोणीही स्वतःचा शेजारी नसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

हा माणसांचा खेळ झाला. पण हेच वर्तुळ निसर्गात आहे. बेंझीनच्या रेणूत कार्बनचे सहा अणू असेच गोल बसलेले असतात. बेंझीनमध्ये तीन दुहेरी बंध असावेत असे कागदावर दिसे. परंतु दुहेरी बंधाचे पदार्थ जितक्या सहज रासायनिक क्रिया करतात तितक्या सहज बेंझीन करत नाही. ते हट्टाने टिकून राहते. हे का, याचा हिशेब एरिख ह्यूकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १९३१ साली मांडला. त्याच्या रीतीत विजाणूंच्या ऊर्जेच्या पायऱ्या म्हणजे वर काढलेले सहा सूरच होत. प्रत्येक पायरीवर दोन विजाणू बसू शकतात, आणि सहा विजाणू पहिल्या तीन पायऱ्यांवर बसले म्हणजे २, २, १, १, १, १ मिळून ८ होतात. तेच तीन सुट्या जोड्या असत्या, तर सुट्या जोडीचे सूर १ आणि उणे १ असल्यामुळे सहा विजाणूंचे मिळून ६ झाले असते. वरचे २ ही गोल बसण्याची मिळकत. सहा जण जोडीजोडीने वेगळे राहण्यापेक्षा हात धरून वर्तुळ करतात तेव्हा त्यांना फोडणे अवघड जाते, हे मी द्वारसभांत वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. रसायनशास्त्रात त्याचा हिशेब आकड्यांत मांडून ठेवला आहे हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळले.

आता प्राध्यापकांच्या कागदाकडे. बेरजेच्या जागी त्यांनी तफावत घेतली. प्रत्येक गाठीने आपला आकडा आणि प्रत्येक शेजाऱ्याचा आकडा यांतील फरक काढायचे आणि ते सगळे फरक एकत्र करायचे. या रीतीनेही सूर निघतात. सर्वांचा आकडा एकच असेल तर फरक कुठेच नाही, म्हणून सर्वांत खालचा सूर नेहमी ०. जाळ्याचे दोन सुटे तुकडे असतील तर एका तुकड्याला एक आकडा आणि दुसऱ्याला दुसरा देऊनही फरक कुठे उठत नाही, म्हणून तेव्हा ० दोनदा येते. यावरून कळते, की एकसंध जाळ्याचा दुसरा सूर शून्याच्या जितका जवळ, तितके ते जाळे दोन तुकडे होण्याच्या जवळ. प्रागचे गणिती मिरोस्लाव्ह फिडलर यांनी १९७३ साली या दुसऱ्या सुराला जाळ्याच्या जोडणीचे माप म्हणून पुढे आणले.

दुसऱ्या बाजूने पाहायचे तर असे. प्रत्येक माणूस आपले मत शेजाऱ्यांच्या मतांकडे थोडे थोडे वळवीत राहिला, तर सगळ्यांत सावकाश मिटणारी तफावत कोणती आणि ती किती वेगाने मिटते, हे हा दुसरा सूर सांगतो. वेग थोडा असेल तर दोन बाजू आपापल्यात एकमताच्या होतात, पण एकमेकींच्या मतापर्यंत पोचत नाहीत. करारावर सही करण्याचा दिवस तोवर थांबत नाही.

प्राध्यापकांनी दोन चित्रे काढली. पहिले आपले सहा जणांचे वर्तुळ: सहा माणसे, सहा दुवे. दुसऱ्यात तीन-तीन जणांचे दोन त्रिकोण, आणि एका त्रिकोणातला एक जण दुसऱ्यातल्या एकाशी जोडलेला: सहा माणसे, सात दुवे. "तुमच्या रीतीने मोजा," ते म्हणाले, "कोणती संघटना बळकट?" माणसे तेवढीच, दुवा एक जास्त, मी दुसरीकडे बोट दाखवले. त्यांनी दुसरा सूर काढून दाखवला. वर्तुळाचा १. दोन त्रिकोणांचा सुमारे ०.४४. दुवा वाढला आणि जोडणी निम्म्याहून कमी झाली.

त्याहून विलक्षण गोष्ट त्या सुराच्या मांडणीत होती. एका त्रिकोणातल्या दोघांवर १ आणि पुलावरच्या माणसावर सुमारे ०.५६, दुसऱ्या त्रिकोणात तेच आकडे, पण उणे. म्हणजे किती तकलादू एवढेच सांगून तो सूर थांबत नाही. कोठे तुटेल तेही चिन्हांनी दाखवतो. अधिक इकडे, उणे तिकडे. ज्याचा आकडा शून्याच्या जवळ तो सीमेवरचा, दोन्हीकडे ऊठबस असलेला. मला माझा शाल-नारळ आठवला.

हे केवळ कागदावरचे नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील कराटे मंडळाचा वेन झॅकरी यांनी १९७० ते १९७२ या काळात अभ्यास केला. ३४ सभासद, त्यांच्यातले ७८ दुवे. शिक्षक आणि कारभारी यांच्यात शुल्कावरून बेबनाव झाला आणि मंडळाची दोन मंडळे झाली. १९७७ साली छापलेल्या निबंधात झॅकरींनी दाखवले, की भांडणाआधीच्या दुव्यांवरूनच फुटीची रेषा काढता येते. त्यांच्या हिशेबात एकच सभासद चुकीच्या बाजूला पडला. त्यांची रीत वेगळी होती, जलवाहिन्यांतून किती पाणी जाऊ शकेल अशा स्वरूपाची. पण तेव्हापासून जाळ्याचे भाग पाडण्याची कोणतीही नवी रीत निघाली, सुरांची असो वा दुसरी, की ती आधी या ३४ जणांवर तपासून पाहतात. फूट पडलेल्या एका लहानशा मंडळाची एवढी कीर्ती दुसरी मला माहीत नाही.

या शास्त्राचा पसारा मोठा आहे आणि सगळा सांगण्याची माझी पात्रता नाही. दोन-तीन ठिकाणे दाखवतो. विजेच्या जाळ्यांचा हिशेब करताना १८४७ सालीच किरखोफ यांनी तफावतीचे हे कोष्टक वापरले होते. संगणकावर शोध घेतला असता कोणते पान आधी दाखवायचे, हे ठरवण्याची गूगलची १९९८ सालची रीत हीही मुळात एका प्रचंड जाळ्याच्या सर्वांत वरच्या सुराची मांडणी. ज्याच्याकडे वजनदार पाने बोट दाखवतात ते पान वजनदार. आणि वजनदार कोण, तर पुन्हा तेच. हे गोल फिरणे संपते ते चित्र न बदलणाऱ्या मांडणीपाशी. छायाचित्रातली वस्तू मागच्या देखाव्यातून वेगळी काढायची असली तर ठिपक्या-ठिपक्यांचे जाळे करून त्याचा दुसरा सूर पाहतात. करारावर फुटणारी संघटना आणि छायाचित्रातली गाय यांना गणित एकच वागणूक देते.

साथीच्या रोगांचे थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यात मोजणीच्या आमच्या सवयीची चूक दुसऱ्या बाजूने दिसते. एका टपरीवर शंभर कामगार चहाला येतात, असे समजा. ते एकमेकांना ओळखत नाहीत, पण प्रत्येकाची टपरीवाल्याशी गाठ आहे. माणसे १०१, दुवे १००, दर माणशी सरासरी दोन दुवेदेखील पडत नाहीत. सरासरीवरून हे जाळे विरळ वाटते. परंतु त्याचा सर्वांत वरचा बेरजेचा सूर १० येतो, शंभराचे वर्गमूळ. आणि साथीच्या एका साध्या गणिती नमुन्यात साथ विझेल की भडकेल हे त्या सुरावर ठरते: तो जितका मोठा तितका कमी संसर्गही तिला पुरतो. सरासरी पाहणाऱ्याला टपरीवाला दिसत नाही, सुराला दिसतो. आमच्याकडे बातमी पसरते तीही अशीच. सूचनाफलकावर लावलेले तीन दिवसांत कोणी वाचत नाही आणि टपरीवर सांगितलेले पाळी सुटायच्या आत दोन्ही खात्यांत पोचते.

इतके कळल्यावर मला नव्या विद्यार्थ्याचा उत्साह चढला. सूर कळले म्हणजे जाळे कळले, असे मी म्हणून टाकले. प्राध्यापक म्हणाले, "नाही. आणि तसे नाही हे दाखवणारे सर्वांत सुंदर उदाहरण ज्यांच्या नावाचे आहे, ते इथेच शिकलेले."

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. सागर तेव्हा मध्यप्रांतात, आणि मध्यप्रांताची राजधानी नागपूर. ते नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले आणि पुढे तेथेच शिकवूही लागले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राज चंद्र बोस यांच्या हाताखाली त्यांनी १९५० साली पीएच.डी. मिळवली. मुंबई विद्यापीठात गणिताचा विभाग उभा करणारे तेच. २१ एप्रिल २०२० रोजी ते वारले तेव्हा त्यांचे वय १०२ वर्षांचे होते.

त्यांचे नाव जगभर झाले ते ऑयलरच्या अंदाजामुळे. ऑयलर हा अठराव्या शतकातला थोर गणिती. सहा पलटणींतले सहा-सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौरसात असे उभे करायचे, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. हे जमत नाही असे त्याला आढळले, आणि १०, १४, १८, २२ अशा पुढच्या संख्यांनाही जमणार नाही असा अंदाज त्याने १७८२ साली छापला. सहाबाबत त्याचे खरे ठरले. बाकीच्याबाबत पावणेदोनशे वर्षांनी, १९५९ साली, बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी तो साफ खोटा ठरवला. न्यूयॉर्क टाइम्सने २६ एप्रिल १९५९ रोजी ती बातमी पहिल्या पानावर दिली. या पराक्रमाविषयी आपल्याकडे थोडे तरी लिहिले-बोलले जाते. त्याच वर्षी श्रीखंडे यांनी एकट्याने छापलेल्या एका लहान निबंधाविषयी मात्र नागपुरातही क्वचितच कोणी बोलते, आणि माझे आजचे काम त्या निबंधाशी आहे.

प्रश्न संख्याशास्त्रातून आला होता. पिकांच्या १६ वाणांची चाचणी घ्यायची आहे असे समजा. शेताच्या एका तुकड्यात सगळी मावत नाहीत, म्हणून कोणती वाणे एकत्र पेरायची याची योजना करावी लागते. त्यासाठी वाणे चार गुणिले चारच्या पटावर मांडतात, आणि एका आडव्या किंवा एका उभ्या रांगेतली वाणे ही एकमेकांची जवळची मानतात. बुद्धिबळातला हत्ती एका चालीत जिथे जाऊ शकतो ती घरे जवळची, असे म्हटले तरी चालेल. म्हणजे १६ गाठींचे जाळे झाले. त्यात प्रत्येकाला ६ शेजारी. कोणतेही दोन शेजारी घ्या, त्यांना समाईक शेजारी २. शेजारी नसलेले कोणतेही दोघे घ्या, त्यांनाही समाईक शेजारी २. प्रश्न असा, की एवढ्या अटी सांगितल्या तर जाळे तेच आणि तेच का? की या अटी पाळणारे दुसरेही एखादे आहे? श्रीखंडे यांनी सिद्ध केले, की पट चारखेरीज दुसऱ्या कोणत्याही मापाचा असेल तर त्या पटाला लागू पडणाऱ्या अशा अटींवरून जाळे एकच ठरते. चार गुणिले चारला मात्र एक भाऊ निघतो, आणि एकच. त्या भावाला आज जगभर श्रीखंडे आलेख म्हणतात.

तो काढायला सोपा आहे. तोच सोळा घरांचा पट घ्या. उजव्या कडेवरून बाहेर पडले की डावीकडून आत यायचे आणि वरून बाहेर पडले की खालून, असा नियम करा. आता प्रत्येक घर त्याच्या डाव्या, उजव्या, वरच्या आणि खालच्या घराशी जोडा, आणि एका तिरप्या रेषेवरच्या दोन्ही बाजूंच्या घरांशी. दुसरी तिरपी रेषा सोडून द्या. सहा शेजारी झाले. समाईक शेजारी मोजून पाहा, दरवेळी दोनच भरतात.

या दोन जाळ्यांचे सूर काढायला कागदही लागत नाही. शेजाऱ्यांची बेरीज लागोपाठ दोनदा करा. दोन पावलांत माझ्यापासून माझ्याकडे परत येण्याच्या वाटा ६, आणि दुसऱ्या कोणत्याही माणसाकडे जाण्याच्या वाटा २. म्हणून दोनदा बेरीज केल्यावर मला मिळतात माझ्या आकड्याचे ६ पट आणि बाकी प्रत्येकाचे २ पट. म्हणजेच माझे ४ पट, अधिक सगळ्यांच्या एकूण बेरजेचे २ पट. एकूण बेरीज शून्य असलेली मांडणी घेतली तर दोनदा केल्याने आकडे चौपट होतात. म्हणून एकदा केल्याने दुप्पट किंवा उणे दुप्पट. सर्वांना १ दिल्यास सूर ६. उरलेले पंधरा सूर २ किंवा उणे २, आणि सर्वांची बेरीज शून्य हवी. तेव्हा २ सहा वेळा आणि उणे २ नऊ वेळा. दुसरा मेळ बसत नाही. या सगळ्यात मी जाळे कोणते ते पाहिलेच नाही. हत्तीचे जाळे आणि श्रीखंडे आलेख, दोघांचे सोळाच्या सोळा सूर एकच. प्रत्येकाला शेजारी तितकेच असल्यामुळे तफावतीचे सूरही एकच. त्रिकोण मोजले तर दोन्हींत ३२.

आणि तरीही ती दोन जाळी वेगळी आहेत. कुठे वेगळी, ते पाहायला एका माणसाजवळ जाऊन उभे राहावे लागते. हत्तीच्या जाळ्यात एका घराचे सहा शेजारी घ्या: तीन आडव्या रांगेतले, तीन उभ्या रांगेतले. आडव्यातले तिघे एकमेकांचे शेजारी, उभ्यातले तिघे एकमेकांचे शेजारी, आणि या तिघांचा त्या तिघांशी दुवा नाही. म्हणजे दोन सुटे त्रिकोण. श्रीखंडे आलेखात एका घराचे सहा शेजारी घ्या: ते एकमेकांचा हात धरून वर्तुळात उभे आहेत. दोन्हीकडे सहा माणसे आणि त्यांच्यात सहा दुवे. एकीकडे प्रत्येकाचे स्नेही दोन तटांत विभागलेले. दुसरीकडे प्रत्येकाच्या भोवती कडे. दुरून ऐकावे तर सूर न सूर सारखा.

हे कळले त्या संध्याकाळी मी ओसरीवरून लवकर उठलो नाही. तबल्याविषयीही असाच प्रश्न मार्क काट्स यांनी १९६६ साली विचारला होता, ढोलाचा आकार नुसता ऐकून ओळखता येईल काय? १९९२ साली गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट या तिघांनी सारखे सूर असलेले दोन निराळे आकार दाखवून त्याचे उत्तर दिले, की दरवेळी येणार नाही. जाळ्यांच्या बाबतीत तर एका सुराची अनेक जाळी सापडतात. परंतु बहुतेक जोड्या काहीशा वेड्यावाकड्या असतात. पाहताक्षणी निराळ्या वाटतात. श्रीखंडे यांच्या जोडीत दोन्ही जाळी नीटनेटकी आहेत, दोन्हींत सर्व माणसे समान आहेत, कोणी म्होरक्या नाही, कोणी एकटा नाही. फरक आहे तो फक्त एवढाच, की तुझे स्नेही एकमेकांचे कसे स्नेही आहेत.

यावरून सूर फसवे आहेत असे कोणी समजू नये. तुटण्याची जागा ते दाखवतात आणि बहुतेक वेळा ती खरी ठरते. मला ते आधी माहीत असते तर त्या उन्हाळ्यात आवार ओलांडणारी दुसरी चार माणसे मी शोधली असती. पण सभासदसंख्येवर विसंबून मी एकदा फसलो होतो. सुरांवर विसंबून दुसऱ्यांदा फसलो असतो.

अलीकडे नव्या कारखान्यात शाखा काढताना मी पावतीपुस्तकाबरोबर एक वही ठेवतो. खातेप्रतिनिधीला विचारतो, तुझ्या घरी लग्नकार्य निघाले तर कारखान्यातल्या कोणाला बोलावशील? पहिली सहा नावे लिहून घेतो. मग दुसरा प्रश्न, यांतले कोण कोण एकमेकांच्या घरी जातात? नावांभोवती रेघा काढतो. मागच्या महिन्यात एका तरुण प्रतिनिधीने सहा नावे दिली. तिघे पहिल्या पाळीचे, तिघे तिसऱ्या पाळीचे. रेघा काढल्या, दोन त्रिकोण. तो वही उलटी करून पाहत म्हणाला, "दादा, हे तिघे त्या तिघांना कधी भेटलेच नाहीत." पहिली पाळी सकाळी सातला लागते आणि तिसरी त्याच वेळी सुटते. फाटकासमोर सावजीचे दुकान आहे, पण ते अकराला उघडते. चहावाला मात्र पहाटे साडेपाचलाच गाडी लावतो. पुढच्या सोमवारी मी पावणेसातला तिथे जाऊन बसलो, आणि त्याला सात चहा सांगितले.